डल्सी लार्कमचा काळा झगा

डल्सी लार्कमवर जी वेळ आली, ती वैऱ्यावरही येऊ नये असं म्हणायची पद्धत आहे. पण खरं सांगायचं तर तशी वेळ दुसऱ्या कुणावर यायचीच नाही. तिच्यासाठी नवरा नुकता गेलेला लागतो, सासू कपड्यांना काळा रंग देण्यात गल्लीत नावाजलेली लागते, आणि घर लंडनमधल्या वुड ग्रीनच्या त्या टेकडीच्या पायथ्याशी लागतं, जिच्यावरच्या पॅलेसातून तेव्हा रोज दुपारी टेलिव्हिजनची चित्रं हवेत सोडली जायची. हे तिन्ही योग एकोणीसशे अडतीसच्या वसंतात डल्सीच्या वाट्याला आले.

डल्सी घोडागाडी हाकणाऱ्याची मुलगी. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पण चॅपलमधल्या पायपेटीवर बोटं चांगली बसली होती. त्या जोरावर सतराव्या वर्षी ती हाय रोडवरच्या एस्टेला पिक्चर हाउसमध्ये पियानो वाजवायला लागली. तेव्हाचे सिनेमे मुके. पडद्यावर काय चाललंय ते बघायचं आणि त्याप्रमाणे हात चालवायचे. घोडे दौडले की डावा हात, कुणी मरायला टेकलं की उजवा. चुंबनाला दोन्ही, पण बेताने, कारण मागच्या रांगेत चॅपलमधली माणसंही गुपचूप येऊन बसलेली असायची.

वरच्या खोलीत यंत्र फिरवायचा सिरिल लार्कम. शनिवारी शेवटचा खेळ लवकर आटपावा म्हणून मालक सांगायचा, "पळव रे." मग सिरिल फिल्म पळवायचा, पडद्यावरची अंत्ययात्रासुद्धा धावत सुटायची, आणि खाली डल्सीच्या बोटांचा भुगा व्हायचा. एका शनिवारी मात्र फिल्म पळेचना. खेळ संपल्यावर डल्सी जिना चढून वर गेली.

"काय हो, यंत्र आजारी आहे का आज?"

"यंत्र ठणठणीत आहे. तुमची बोटं थकलेली दिसली."

"एवढ्या अंधारात?"

"पियानोवर दिवा असतो ना. वरून बघताना पडद्याच्या आधी तुम्हीच दिसता."

लग्न त्या वाक्यावरच ठरलं म्हणायला हरकत नाही. पुढे सिनेमे बोलायला लागले. एस्टेलातला पियानो हातगाडीवर घालून नेला, तेव्हा डल्सी समोरच्या फुटपाथवर पोटुशी उभी होती. त्यानंतर महिन्याभरात मार्जरी झाली. डल्सी लोकरीच्या दुकानात उभी राहायला लागली आणि घरी पियानोऐवजी टेबलाच्या कडेवर बोटं वाजवायला लागली.

राहायला ती सासूकडेच. सासूचं नाव कीझाया. चॅपलची कडक बाई. पोटचा मुलगा पंधरा वर्षं एस्टेलात कामाला, पण तिने त्या दारात पाय ठेवला नाही. स्वतःचा नवरा जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि तेरा वर्षं ती काळ्यातच. टॅनर्स रो या त्यांच्या गल्लीत नवरीने पांढरं आणि विधवेने काळं हा कायदा, आणि त्या कायद्यातला काळा भाग कीझायाच्या ताब्यात. गल्लीत कुणी डोळे मिटले की डॉक्टरच्या पाठोपाठ बोलावणं तिला. घरातले झगे, कोट, मुलांचे मोजेसुद्धा ती गोळा करून आणायची आणि मागच्या मोरीतल्या कपडे उकळायच्या हंड्यात काळ्या रंगात बुडवायची. काठीने ढवळत बसायची, मध्येच एक बाही वर काढून उजेडात धरायची आणि पुन्हा खाली दाबायची. तिचा काळा पावसात उतरत नसे, उन्हात हिरवट पडत नसे. "कीझाया लार्कमचा काळा पुरलेल्या माणसापेक्षा जास्त टिकतो," असं लोक म्हणत, आणि ते तिला आवडत असे.

फेब्रुवारीत सिरिल गेला. यंत्राच्या उष्ण खोलीतून घामेजलेला बाहेर पडला, रस्त्यावर धुकं, छाती भरली, नऊ दिवसांत आटोपलं. कीझायाने डोळ्यांतून पाणी काढलं नाही. तिने डल्सीचा रविवारचा निळा झगा खुंटीवरून काढला, हंड्याखाली जाळ केला आणि झगा दोनदा बुडवला. लोकांचे कपडे ती एकदाच बुडवायची.

अंत्यविधीला आठवडा झाला आणि टेकडीवरून डल्सीच्या नावाने पत्र आलं. टेलिव्हिजनवर दुपारच्या एका कार्यक्रमात ते लोक साध्यासुध्या माणसांना बोलावत, काही विशेष काम करणाऱ्यांना. सिरिलने आजारी पडायच्या आधी बायकोला न सांगता त्यांना लिहिलं होतं की माझी बायको मुक्या सिनेमाला पियानो वाजवायची, तिच्यासारखं कुणी वाजवत नसे, तिला एकदा ऐका. आता उत्तर आलं होतं. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी या. आम्ही जुनी फिल्म दाखवू, तुम्ही वाजवा. कपडे कोणतेही चालतील, फक्त पांढरे नकोत, पांढऱ्याने कॅमेऱ्याला त्रास होतो.

डल्सीने पत्र सासूपुढे ठेवलं. कीझायाने ते चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून पुन्हा हातात धरून बसली.

"दोन आठवडेसुद्धा झालेले नाहीत," ती म्हणाली.

"जात नाही मी, मदर. नुसतं दाखवलं."

"त्याने लिहिलंय म्हणतेस?"

"त्याच्या पत्राची तारीख दिलीय त्यांनी, बघा ना. आजारी पडायच्या चार दिवस आधीची आहे."

म्हातारीने पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाली, "मेलेल्याचं मागणं आहे, नाही म्हणता येत नाही. जा. पण काळ्यात जा. माझ्या हातच्या काळ्यात, गळ्यापासून घोट्यापर्यंत. वर माझा ब्रोच लाव. बघणाऱ्यांना कळलं पाहिजे कुणाच्या घरातली बाई आहे ते." आणि तिने स्वतःच्या गळ्याशी असलेला काळ्या खड्याचा ब्रोच, नवऱ्याच्या मरणापासून एक दिवस न उतरवलेला, काढून डल्सीच्या हातावर ठेवला.

मंगळवारी डल्सी टेकडी चढली. आत दिवे असे, की भट्टीपाशी उभं राहिल्यासारखं वाटावं. मिस क्विल नावाच्या बाईने तिच्या ओठांना गडद रंग लावला, भुवया रेखल्या.

"अहो, मी दुखवट्यात आहे," डल्सी म्हणाली.

"इथे सगळ्यांना लावावंच लागतं, बाई. नाहीतर तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं दिसतं. गेल्या आठवड्यात एक बिशप आले होते, त्यांनाही लावलं. झगा छान आहे तुमचा. चांगला उठून दिसेल."

काळा झगा कसा उठून दिसणार, हे डल्सीला कळलं नाही, पण तिने विचारलं नाही.

मग पडद्यावर फिल्म सुरू झाली. धुक्यातून घोडे आले, पुलावरून कुणीतरी उडी मारली, एक म्हातारा पत्र वाचता वाचता खाली बसला. आठ वर्षांनी बोटांना खरा पियानो मिळाला होता. ती पडद्याकडे बघत राहिली आणि हात आपले आपण चालत राहिले. संपल्यावर सूटबूट घातलेला माणूस जवळ आला आणि त्याने विचारलं, "वर यंत्रावर कोण असायचं, मिसेस लार्कम?"

"माझे यजमान," डल्सी म्हणाली. "फेब्रुवारीत वारले ते." आणि रडू येऊ नये म्हणून ती थोडी हसली.

खाली हाय रोडवर मिस्टर पॅस्कोच्या रेडिओच्या दुकानात गल्लीतली वीसेक माणसं टेलिव्हिजनच्या एका लहानशा काचेपुढे दाटीवाटीने उभी होती. कीझायाला खुर्ची दिली होती. मार्जरी तिच्या गुडघ्याशी.

डल्सी टेकडी उतरताना रुमालाने ओठ पुसत आली. मन हलकं झालं होतं. सिरिलचं काम आपण केलं, असं वाटत होतं. बेकरीच्या दारात बेकरीवाल्याची बायको उभी होती. डल्सीने मान हलवली तर ती बाई पाठ फिरवून आत गेली. कामात असेल. पुढे चॅपलमधल्या दोन बहिणी येताना दिसल्या आणि मध्येच रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. टॅनर्स रोच्या तोंडाशी मिसेस टिबेट राहायच्या, ज्यांच्याशी डल्सीचं रोजचं दोन वाक्यांचं बोलणं. त्या पायरी घासत होत्या.

"झालं एकदाचं, मिसेस टिबेट," डल्सी म्हणाली.

मिसेस टिबेटनी ब्रश बादलीत टाकला. "हो, बघितलं आम्ही," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. पायरी अर्धीच घासलेली राहिली. पंचवीस वर्षांत टॅनर्स रोमध्ये कुणी मिसेस टिबेटची पायरी अर्धी घासलेली पाहिली नव्हती. डल्सी तिथून भराभर चालायला लागली.

घरात शिरली तर बोळात तिची कापडी बॅग भरून ठेवलेली. मार्जरी कुठे दिसेना. कीझाया स्वयंपाकघरात टेबलाशी सरळ बसलेली, टोपीही काढलेली नाही.

"ब्रोच काढ," ती म्हणाली.

डल्सीने काढला. म्हातारीने तो रुमालाने पुसला, दोन्ही बाजूंनी, जसं काही त्याला काही चिकटलं होतं, आणि मग गळ्याशी लावला.

"झगा कुठे ठेवलास?"

"कुठला झगा?"

"तो. पांढरा."

डल्सी आपल्या अंगाकडे बघत राहिली. "हाच होता, मदर. सकाळपासून हाच आहे अंगावर."

"मी बघितलं. मी खुर्चीत बसून, ह्या दोन डोळ्यांनी बघितलं. चर्चमधून नवरी बाहेर पडते तशी. ओठ रंगवलेले. वर माझा ब्रोच, काळा ठिक्कर, त्या पांढऱ्यावर. आणि तोंडाने काय म्हणालीस? फेब्रुवारीत वारले. आणि हसलीस."

"ओठांचं खरं आहे, तिथे लावतात. पण झगा..."

"त्यांच्याकडे कपड्यांनी भरलेल्या खोल्या असतात, सगळ्यांना माहीत आहे. कुणी म्हणालं असेल, बाई, हा घाला, छान दिसाल. आणि तू घातलास."

"त्यांनी पत्रात लिहिलंय, पांढरं नको म्हणून. तुम्हीच वाचलंत."

"तरी घातलास. म्हणजे त्यांच्याही पुढे गेलीस."

 डल्सीने झग्याची बाही हाताने चाचपली. काळी होती. ती काळी आहे हे तिला दिसत होतं, आणि समोरच्या बाईलाही दिसत होतं, आणि तरी काही उपयोग नव्हता.

"मार्जरी कुठे आहे?"

"वर झोपवलीय. दुकानात सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं, पोर लाजेने लाल झाली." कीझायाने हात टेबलावर ठेवले. "रविवारपर्यंत राहा. चॅपलच्या आधी जा. एनफिल्डला तुझी बहीण आहे. मुलगी इथेच राहील. ती सिरिलची आहे. तिला मी वाढवीन, आणि काय झालं ते तिला सांगणार नाही, एवढं तुझ्यासाठी करीन."

बहिणीकडे दोन खोल्यांत सहा माणसं आधीच. मुलीला घेऊन तिथे जाता येत नव्हतं, आणि लोकरीच्या दुकानातल्या पगारात वेगळी खोली मिळत नव्हती. हे दोघींनाही ठाऊक होतं. डल्सी रात्रभर झगा मांडीवर घेऊन बसली म्हणाल, तर नाही. ती गाढ झोपली, धक्का बसलेली माणसं कधी कधी झोपतात तशी. सकाळी उठली आणि झगा खिडकीशी नेऊन पाहिला. काळा.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत ती पॅस्कोच्या दुकानात गेली. पॅस्को मवाळ माणूस, बायकांशी बोलताना काउंटर पुसत राहायचा.

"मिस्टर पॅस्को, काल मी कशी दिसले?"

"वाजवलंत फार सुंदर."

"ते नाही. झगा."

त्याने काउंटर पुसला. "पांढरा होता, मिसेस लार्कम."

"हा बघा. हाच होता."

पॅस्कोने बघितलं, आणि त्याचा फडका थांबला. "मला आधी वाटलं काच बिघडली. मी बटणंही फिरवून पाहिली. पण पियानो काळा होता. मिसेस लार्कमचा, म्हणजे सासूबाईंचा, ब्रोच काळा होता. त्या सूटवाल्याचे केस काळे. मग एकटा झगाच कसा चुकेल? मी म्हटलं, पांढराच असणार."

"तुम्ही सगळ्यांना तसं सांगितलंत?"

"सांगायला कशाला हवं? सगळे बघत होते."

डल्सी दुकानातून निघाली ती लोकरीच्या दुकानात परत गेलीच नाही. सरळ टेकडी चढली. दारावरचा माणूस आत सोडेना, म्हणाला आज तुमचं नाव नाही. नशिबाने मिस क्विल बाहेर सिगारेट ओढत उभी होती. ती तिला आत घेऊन गेली, कॅमेऱ्यांचं बघणाऱ्या मिस्टर गेडीसकडे. गेडीस स्कॉटलंडचा, अंगाने दांडगा, एका कॅमेऱ्याचं पोट उघडून त्यात डोकं घालून बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि डोकं बाहेर न काढताच म्हणाला, "हो, पांढरा आला होता. काही काळे रंग येतात तसे."

"येतात?"

"दिव्यांची धग असते ना. काही रंग ती धग गिळतात, काही परत फेकतात. आपल्या डोळ्याला धग दिसत नाही, ह्याला दिसते. त्याला धग म्हणजे उजेडच. मागे एका पाद्रीबुवांचा काळा कोट असाच पांढरा गेला, बेकरीवाला उभा आहे असं वाटत होतं. आम्ही आठवडाभर हसत होतो."

 डल्सी जवळच्या खोक्यावर बसली. "म्हणजे तुम्हाला दिसत होतं? मी वाजवत होते तेव्हा?"

"इथल्या सगळ्यांना. आम्ही म्हटलं बरं झालं, काळ्या पियानोपुढे छान उठून..."

"आणि मी म्हणाले, फेब्रुवारीत वारले. तेव्हाही मी पांढऱ्यात होते?"

गेडीसने डोकं बाहेर काढलं. हातातला पाना खाली ठेवला. मिस क्विलने सिगारेट विझवली, तिथे ओढायची परवानगी नव्हती, हे तिला तेव्हा आठवलं.

"आम्हाला सुचलंच नाही, बाई," गेडीस म्हणाला. "आम्ही दिवसभर बघतो ते काचेतच. बाहेर काय आहे ते विसरायला होतं."

डल्सीने बॅगेचं सांगितलं, मुलीचं सांगितलं. कालचं काचेतलं पुन्हा दाखवता येईल का, असंही विचारलं. गेडीसने मान हलवली. ते साठवून ठेवायची सोयच नव्हती. चित्र गेलं की गेलं. पण शुक्रवारी सकाळी दहाला कॅमेरे तापवून बघतात, तेव्हा दहा मिनिटं मिळतील. सासूबाईंना घेऊन या.

सांगणं सोपं. कीझायाने सगळं ऐकलं आणि बटाटे सोलत राहिली.

"धग," ती म्हणाली. "तू आता मला धग सांगतेस."

"एकदा या, मदर. एवढंच."

"मी त्या जागी पाय ठेवणार नाही. एकदा बघितलं, पुरे झालं."

डल्सीचं डोकं तेव्हा कसं चाललं कोण जाणे. ती म्हणाली, "ठीक आहे. मग मी त्यांना काय सांगू? ते म्हणत होते, चांगला काळा असता तर काळा दिसला असता. हा कुठल्या बाईने रंगवलाय म्हणून विचारत होते."

सुरी थांबली.

"असं म्हणाले?"

"रंगातच काहीतरी आहे म्हणाले."

तसं ते म्हणालेही होते, फक्त ह्या अर्थाने नाही. कीझायाने अर्धा सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "ह्या रस्त्यावरचं एकही मढं माझ्या काळ्याशिवाय गेलेलं नाही. शुक्रवारी किती वाजता म्हणालीस?"

शुक्रवारी ती टेकडी न थांबता चढली, आणि गेडीसला पहिलं वाक्य म्हणाली ते असं, "माझा रंग उतरत नाही."

"बरोबर आहे, मॅडम. या, वर बसा."

वर काचेच्या खिडकीची काळोखी खोली होती. खिडकीतून खाली दिव्यांतली जागा दिसायची, आणि खिडकीखाली टेबलावर तेच चित्र लहानशा काचेत यायचं. कीझायाला तिथे बसवलं. डल्सी खाली पियानोशी उभी राहिली, अंगात तोच झगा. दिवे लागले. तिला वरचं काही दिसत नव्हतं. फक्त कॅमेऱ्याचा डोळा, आणि कानावर गेडीसचा भोंग्यातून येणारा आवाज.

 मग गेडीस म्हणाला, "सासूबाई म्हणतात, मागे वळा."

डल्सी वळली.

"बाही वर करा म्हणतात."

केली.

"झग्याची घडी, खालची, उलटून दाखवा म्हणतात. आतली शिवण."

डल्सीने वाकून घडी उलटली. तिथे कीझायाने स्वतः दुरुस्त केलेला एक टाका होता, थोडा वाकडा, सिरिल गेल्यावर झगा रंगवला त्या दिवशी घातलेला.   तेवढ्यात लोखंडी जिन्यावर पावलं वाजली आणि म्हातारी स्वतः खाली आली. तोंड पिठासारखं पांढरं पडलेलं. ती जवळ आली, तिने झग्याचा काठ चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेला, सोडला. पुन्हा धरला.

"खिडकीतून काळी," ती म्हणाली. "मान खाली घातली की पांढरी. तीच तू. तोच टाका." आणि मग, "वर जा. मला बघ."

"मदर, कशाला?"

"जा म्हणते ना."

डल्सी वर गेली. खिडकीतून खाली काळ्या झग्यातली काळी म्हातारी दिसत होती, तेरा वर्षं दिसत होती तशीच, हात पोटाशी धरून दिव्यांकडे डोळे बारीक करून बघणारी. मग डल्सीने मान खाली घातली. काचेत पांढऱ्याशुभ्र झग्यातली सत्तरीची नवरी उभी होती, गळ्याशी एक काळा ठिपका. सगळं उलगडून सांगितल्यावरही डल्सीने पुन्हा खिडकीतून बघितलं, पुन्हा काचेत. आपण मंगळवारी गल्लीतल्या लोकांना कशा दिसलो ते तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मिसेस टिबेटवरचा तिचा अर्धा राग तिथेच संपला.

खाली आल्यावर कीझायाने विचारलं, "कशी दिसले?"

"पांढऱ्या."

"सगळी?"

"ब्रोच सोडून सगळी."

म्हातारीने ब्रोचला हात लावला. मग म्हणाली, "मी लग्नात तपकिरी झगा घातला होता. पुढेही वापरता यावा म्हणून." ती स्वतःच्या बाहीकडे बघत राहिली. "म्हणजे ती धग तिथे असतेच. आपल्याला दिसत नाही, एवढंच. आणि मी मुलाचं मरण ह्या रंगात बुडवत बसले."

दोघी टेकडी उतरल्या. टॅनर्स रोच्या तोंडाशी मिसेस टिबेट खिडकी पुसत होत्या. कीझाया तिथे थांबली. डल्सीला वाटलं सरळ पुढे जावं, पण म्हातारीने तिचा हात काखेत घट्ट धरला होता.

"मिसेस टिबेट. पोरगी काळ्यात होती."

"मी बघितलं मिसेस लार्कम, माझ्या डोळ्यांनी."

"मीही बघितलं. आणि चुकले. आत्ता तिथे मी उभी राहिले, तर मीही पांढरी दिसले."

मिसेस टिबेटनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चहा कसला दिला हो तुम्हाला वर?"

"चहा नाही दिला. उभं केलं आणि दाखवलं. तुम्हीही चला, तुमचा काळा कपाटात असेलच, माझ्याच हंड्यातला."

"मी नाही बाई जात. आणि ते यंत्र खोटं बोलतं, असं म्हणायचंय का तुम्हाला? मग बाकीचं सगळं खरं कसं दिसतं?"

"मला नाही माहीत. मला एवढं माहीत आहे की ही काळ्यात होती, आणि मी तिची बॅग भरली."  रस्त्यात, मिसेस टिबेटसमोर, अशी कबुली ती देईल, हे डल्सीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मिसेस टिबेटनाही नसावं, कारण त्यांनी खिडकी पुसायची सोडून दिली.

बॅग घरात कीझायाने स्वतः उघडली. एकेक कपडा खणात परत ठेवला, आणि मार्जरीला हाक मारून सांगितलं, "तुझी आई रविवारी माझ्या शेजारी बसेल. तू तिच्या पलीकडे. कुणी वळून बघितलं तर तूही बघ."

गल्लीला मात्र ते पटलं नाही. काहींनी फक्त पटल्यासारखं केलं. कीझायाच्या हंड्याकडे लोक आता थोडे बिचकत यायला लागले. एकाने तर विचारलं, हा काळा देवाला तरी काळा दिसेल ना. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि टेकडीवरची चित्रंच बंद पडली. पॅस्कोने काच फडक्याने झाकून ठेवली. डल्सी पुन्हा टेलिव्हिजनवर गेली नाही. चॅपलमध्ये मात्र पायपेटी वाजवायला लागली, आणि ऐकणारे सांगतात, स्तोत्रांमधून मधूनच घोडे दौडायचे.

त्या मंगळवारची दुपार कुठेच साठवलेली नव्हती. दाखवायला काही नाही, बघायला काही नाही. वीस माणसांनी पांढरा झगा पाहिला होता आणि त्यातली एकोणीस आयुष्यभर तसंच सांगत राहिली. त्यांच्यापुढे डल्सीकडे शब्द होता तो एका म्हातारीचा. तो कीझायाने अकरा वर्षं दिला, मरेपर्यंत, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही, बेकरीत, चॅपलच्या पायरीवर, दुसऱ्यांच्या अंत्यविधीला गेली तरी तिथे: "माझी सून काळ्यात होती. मी चुकले होते."